कॉल दर वेळी ठराविक सेकंदालाच कट होतो? केबल नका बदलू, टायमर शोधा

कॉल लागतो, दोन्हीकडून आवाज स्वच्छ, बोलणं नीट सुरू होतं आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास खटकन कट. परत लावा, परत तेच. किंवा दुसरा प्रकार, छोटे कॉल सगळे व्यवस्थित होतात पण लांबलेला कॉल मात्र पाऊण तास काही टिकत नाही, आणि ज्याचा कॉल तुटतो तो सांगतो की "कधीही तुटतो हो, काही नेम नाही", कारण बोलता बोलता घड्याळाकडे कोण बघतं. ही तक्रार आली की बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा केबल बदलतात, मग फोनचा सेट बदलतात, मग इंटरनेटवाल्याला फोन करतात आणि शेवटी पीबीएक्स, म्हणजे ऑफिसचं स्वतःचं छोटं टेलिफोन एक्सचेंज, रिस्टार्ट करतात. आणि दोन दिवसांनी तीच तक्रार परत टेबलावर. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. ऑफिसातला पीबीएक्स, त्याला प्रोव्हायडरकडून (टेलिफोन कंपनीकडून) आलेली एसआयपी ट्रंक (इंटरनेटच्या पद्धतीने चालणारी लाइन) किंवा पीआरआय (३० कॉलची डिजिटल लाइन), मधे राउटर-फायरवॉल, असा नेहमीचा सेटअप धरून चाललोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की बिघडलेल्या तारेला घड्याळ कळत नाही. तार खराब असेल, पॅकेट गळत असतील, वायफाय कमजोर असेल तर कॉल कधी ५ सेकंदाला तुटेल, कधी ४० ला, कधी तुटणारच नाही, नुसता आवाज फाटेल. दर वेळी तेवढ्याच सेकंदाला तुटतोय म्हणजे कुठेतरी एखादा टायमर संपतोय आणि कोणतं तरी मशीन नियमाप्रमाणे, पूर्ण शुद्धीत, कॉल बंद करतंय. आपल्याला ते मशीन आणि तो टायमर शोधायचाय, बस.

आधी मोजा, आणि कुठून मोजताय ते नक्की करा

पीबीएक्सचा सीडीआर (प्रत्येक कॉलची नोंदवही) उघडा, कॉलचा कालावधी असलेल्या कॉलमवर सॉर्ट करा आणि आकड्यांची गर्दी कुठे होते ते बघा. माणसांनी स्वतः ठेवलेले फोन सगळीकडे विखुरलेले असतात, टायमरने तोडलेले कॉल मात्र एकाच आकड्यावर साचतात. ३१-३२-३३ सेकंदांची रांगच्या रांग दिसली किंवा ९३२ च्या आसपास ढीग दिसला की अर्धं काम तिथेच झालं. इनकमिंग आणि आउटगोइंग वेगवेगळे बघा, हे फार महत्त्वाचं आहे, कारण पुष्कळदा एकाच दिशेचे कॉल तुटत असतात आणि तक्रार मात्र "सगळेच तुटतात" अशी येते.

दुसरं म्हणजे सेकंद कुठून मोजायचे. समोरच्याने उचलल्यापासून? नंबर फिरवल्यापासून? की म्यूट दाबल्यापासून? या तिघांचे टायमर वेगळे. सीडीआर मध्ये कॉल सुरू झाल्याची वेळ आणि उत्तर मिळाल्याची वेळ अशा दोन्ही नोंदी असतात, कट झालेल्या क्षणातून दोन्ही वजा करून बघा आणि कोणता आकडा स्थिर येतो ते पहा. जो स्थिर येतो तो टायमर तिथून सुरू झालाय.

आवाज एका वाटेने, सिग्नल दुसऱ्या वाटेने

"आवाज तर शेवटच्या क्षणापर्यंत मस्त येत होता, मग नेटवर्कचा प्रॉब्लेम कसा असेल" हा प्रश्न हमखास येतो, म्हणून थोडं नेटवर्कच्या रचनेबद्दल.

स्ट्रोजर या अमेरिकन माणसाला १८९१ साली ऑटोमॅटिक एक्सचेंजचं पेटंट मिळालं, त्याच्या पद्धतीच्या पुढच्या डायलवाल्या एक्सचेंजमध्ये डायलचे पल्स ज्या तारेवरून जायचे त्याच तारेवरून नंतर आवाज जायचा. पल्सने सिलेक्टर पायरी पायरीने सरकायचे, त्यातूनच रस्ता तयार व्हायचा आणि तार तुटली की सिग्नल आणि आवाज दोन्ही एकदम बंद. नंतर ट्रंकवर सुरांनी सिग्नल द्यायची पद्धत आली, त्यात २६०० हर्ट्झचा सूर प्रसिद्ध आहे, ट्रंक रिकामी असली की तो सूर चालू. पण तेही आवाजाच्याच रस्त्यावर, त्यामुळे बोलण्यातला एखादा सूर जुळून आला तर मशीनला वाटायचं की फोन ठेवला. याला टॉक-ऑफ म्हणतात आणि हा आजार अजून जिवंत आहे, तो खाली येईलच.

मग सिग्नल आवाजापासून वेगळा काढला. सीसीआयटीटीने (टेलिफोनची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी, आयटीयूच्या हाताखालची संस्था) १९८० मध्ये सिग्नलिंग सिस्टिम नंबर ७ मंजूर केली, म्हणजे आपण ज्याला एसएस७ म्हणतो ती. लोकल एक्सचेंज, त्याच्या वर ट्रान्झिट, त्याच्या वर आंतरराष्ट्रीय गेटवे, या सगळ्यांमध्ये आवाज ६४ केबीपीएसच्या सर्किटवरून जातो (सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट) आणि "हा नंबर लाव", "रिंग वाजतेय", "उचलला", "सोड" हे निरोप स्वतंत्र डेटा लिंकवरून, एसटीपी नावाच्या मधल्या टप्प्यांमधून फिरतात. या निरोपांना नावं आहेत, आयएएम गेला की सर्किट धरायचं, एएनएम आला की उत्तर मिळालं, आरईएल आला की सोडायचं आणि आरएलसी पाठवून सोडल्याचं कळवायचं. पीआरआय मध्ये तेच लहान प्रमाणात असतं, ई१ (पीआरआय ज्यावर चालते ती लिंक) च्या ३२ टाइमस्लॉटपैकी ० नंबरचा सिंकसाठी, १६ नंबरचा सिग्नलिंगसाठी, उरलेले ३० आवाजाला. एसआयपी मध्ये तर ही फारकत अजून पुढे गेली, एसआयपीचे निरोप एका पोर्टवर एका सर्व्हरशी आणि आवाज आरटीपी नावाच्या पॅकेटमधून दुसऱ्याच पोर्टवर, कधी कधी तर दुसऱ्याच मशीनशी.

त्यामुळे आवाज स्वच्छ असणं यातून सिद्ध काय होतं तर आवाजाची वाट बरी आहे, एवढंच. सिग्नलिंगची वाट केव्हाच बंद पडलेली असू शकते आणि ते कळतं तेव्हाच, जेव्हा कोणीतरी त्या वाटेने काही पाठवायला जातं.

कट कोणी केला हे पाहिल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नका

ट्रेस, म्हणजे लाइनवरून जाणाऱ्या निरोपांची नोंद, घ्या. वायरशार्क, एसएनग्रेप, पीबीएक्सचा स्वतःचा लॉग, जे हाताशी असेल ते. फक्त एसआयपीची पॅकेट पकडलीत तर फाइल लहान राहते आणि दिवसभर चालू ठेवता येते. शेवटी जो बाय (एसआयपी मधला कॉल संपवायचा निरोप) जातो तो कोणत्या आयपी पत्त्यावरून सुटला ते बघा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पीबीएक्समधून जाणारा एक कॉल म्हणजे प्रत्यक्षात दोन कॉल असतात, एक फोन ते पीबीएक्स आणि दुसरा पीबीएक्स ते ट्रंक. एका पायावर बाय आला की पीबीएक्स दुसऱ्या पायावर बाय पाठवतो, आणि तुम्ही फक्त दुसरा पाय बघितलात तर दोष पीबीएक्सचा वाटेल. दोन्ही पाय बघा, ज्याच्यावर बाय आधी दिसतो तिथून मागे जा.

बाय मध्ये रीझन हेडर (निरोपातली कारणाची ओळ) असला तर उत्तमच, त्यात क्यू.८५० या मानकातला कॉज नंबर, म्हणजे कट होण्याच्या कारणाचा आकडा, येतो. पीआरआय असेल तर डिस्कनेक्ट मेसेजमध्ये तो असतोच. १६ म्हणजे नेहमीसारखा फोन ठेवला. १९ म्हणजे रिंग वाजली पण उचलला नाही. ३४ म्हणजे मोकळं चॅनल नव्हतं. ४१ तात्पुरता बिघाड. आणि आपल्या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे १०२, टायमर संपल्यामुळे सोडलं. १०२ दिसला की वाद संपला, टायमरच आहे. १६ वर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कारण बऱ्याच मशीन आपल्या टायमरने कॉल तोडतानाही पुढे १६ च लिहितात.

कॉजच्या शेजारी लोकेशन नावाचं एक फील्ड असतं, त्याकडे फारसं कोणी बघत नाही आणि मला ते फार मोलाचं वाटतं. ० म्हणजे युजर, १ म्हणजे जवळचं खाजगी नेटवर्क, २ म्हणजे आपल्याला सेवा देणारं पब्लिक नेटवर्क, ३ ट्रान्झिट, ४ म्हणजे पलीकडच्या माणसाचं पब्लिक नेटवर्क, ५ पलीकडचं खाजगी. म्हणजे कॉल रचनेतल्या कोणत्या मजल्यावर तुटला ते निरोपातच लिहिलेलं येतं.

३२ सेकंद

सगळ्यात जास्त भेटणारा हाच. समोरच्याने उचलल्यापासून बरोबर ३२ सेकंद.

एसआयपी मध्ये कॉल जुळायला तीन निरोप लागतात. इनव्हाइट, उचलल्यावर २०० ओके, आणि ते मिळाल्याची पोच म्हणून ॲक. ज्याने २०० ओके पाठवलंय तो ॲक येईपर्यंत तेच परत परत पाठवत राहतो. पहिलं गेल्यावर ०.५ सेकंदाला, मग १.५ ला, ३.५ ला, ७.५ ला, आणि तिथून पुढे दर ४ सेकंदांनी, ११.५, १५.५ असं करत ३१.५ पर्यंत. आरएफसी ३२६१ (एसआयपीचं मूळ मानक) मध्ये टी१ या पायाभूत टायमरची किंमत ५०० मिलिसेकंद आहे आणि वाट बघायची मर्यादा ६४ गुणिले टी१, म्हणजे ३२ सेकंद. तोवर ॲक आला नाही की तो बाय पाठवून मोकळा होतो. मधल्या वेळात आरटीपी आपलं चालूच असतं म्हणून बोलणं नीट होतं. ट्रेसमध्ये एकाच कॉलवर २०० ओकेची अशी शिडी दिसली, एकूण ११ वेळा, तर दुसरं काही शोधायची गरज नाही, ॲक हरवलाय.

आता ॲक का हरवतो. तो कुठे पाठवायचा ते २०० ओके मधल्या काँटॅक्ट हेडरवरून आणि रेकॉर्ड-रूटवरून ठरतं. इनकमिंग कॉलला २०० ओके आपला पीबीएक्स पाठवतो, आणि तो राउटरच्या आत बसलेला असल्यामुळे काँटॅक्टमध्ये स्वतःचा १९२.१६८ वाला पत्ता लिहून देतो. म्हणजे परगावच्या माणसाला पत्ता म्हणून नुसतं "आतली खोली" लिहून दिल्यासारखं. प्रोव्हायडरचा सर्व्हर ते स्वतःहून दुरुस्त करून घेत नसेल तर त्याचा ॲक त्या खाजगी पत्त्याकडे निघतो आणि वाटेतच संपतो. त्यामुळे फक्त इनकमिंग कॉल ३२ सेकंदाला तुटत असतील आणि बाय आपल्या पीबीएक्सकडून जात असेल तर पीबीएक्समध्ये बाहेरचा पब्लिक पत्ता आणि आतलं लोकल नेटवर्क ही दोन सेटिंग भरलेली आहेत का बघा. पब्लिक आयपी बदलता असेल आणि सेटिंगमध्ये जुनाच लिहून ठेवलेला असेल तर हाच प्रॉब्लेम कनेक्शन रिसेट झालं की परत उगवतो, "अधूनमधून होतं" वाल्या केसेसमध्ये हे आवर्जून तपासा.

आउटगोइंगला उलटं. २०० ओके तिकडून येतं, ॲक आपण पाठवायचा असतो आणि ३२ सेकंदाला बाय तिकडून येतो. पीबीएक्सच्या ट्रेसमध्ये ॲक गेलेला दिसतो आणि तरी २०० ओके परत परत येतंय, असं असेल तर फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूला दुसरा ट्रेस लावा. तिथे ॲक दिसला नाही किंवा बदललेल्या हेडरसकट दिसला तर गुन्हेगार बहुधा राउटरमधलं एसआयपी एएलजी. हे फीचर एसआयपीच्या निरोपातले पत्ते बदलून मदत करण्यासाठी असतं पण हेडर अर्धवट बदलून घोळ घालतं. माझं मत सरळ आहे, एएलजी बंदच ठेवा, फक्त बंद केल्यावर पीबीएक्समधला बाहेरचा पत्ता भरायला विसरू नका, नाहीतर आउटगोइंग सुधारेल आणि इनकमिंग बिघडेल.

पीआरआय वाल्यांसाठी याचा धाकटा भाऊ आहे. आपल्या पीबीएक्सने कनेक्ट पाठवला की क्यू.९३१ (पीआरआयच्या सिग्नलिंगचं मानक) चा टी३१३ टायमर सुरू होतो, ४ सेकंदांचा. तेवढ्यात कनेक्ट ॲकनॉलेज आला नाही की कॉज १०२ देऊन कॉल बंद. उचलल्यापासून ४ सेकंदात तुटणारे इनकमिंग कॉल दिसले तर पीबीएक्स आणि एक्सचेंज दोघांचा स्विच टाइप एकच आहे का आणि एक बाजू नेटवर्क, दुसरी युजर अशी नीट ठरलेली आहे का ते आधी बघा.

१५ मिनिटं ३२ सेकंद, किंवा २९ मिनिटं २८ सेकंद

हा जास्त छळतो, कारण टेस्ट कॉल कोणी १५ मिनिटं चालू ठेवत नाही. टेस्ट पास होते आणि लोक "झालं" म्हणून निघून जातात.

एसआयपी मध्ये कॉल चालू आहे की एखादी बाजू मेलीये हे कळायला काही सोय नव्हती, म्हणून आरएफसी ४०२८ ने सेशन टायमर आणला. कॉल जुळताना सेशन-एक्स्पायर्स नावाचा आकडा ठरतो, बहुतेक ठिकाणी १८०० सेकंद, आणि दोघांपैकी एक रिफ्रेशर ठरतो. त्याने निम्म्या वेळाला, म्हणजे ९०० व्या सेकंदाला, री-इनव्हाइट किंवा अपडेट पाठवायचा आणि समोरच्याने २०० ओके द्यायचं, की पुढचे १८०० सेकंद मिळाले. उत्तर आलं नाही तर री-इनव्हाइटची वाट परत ३२ सेकंद बघितली जाते आणि मग बाय. ९०० अधिक ३२, म्हणजे ९३२, म्हणजे १५ मिनिटं ३२ सेकंद. आणि जो रिफ्रेशर नाही त्याच्यापर्यंत रिफ्रेश आलाच नाही तर तो मुदत संपायच्या ३२ सेकंद आधी स्वतः बाय पाठवतो, १८०० वजा ३२, म्हणजे १७६८, म्हणजे २९ मिनिटं २८ सेकंद. तुमच्याकडे आकडा वेगळा ठरत असेल तर हेच गणित त्या आकड्यावर करा, ६०० असेल तर ३३२ आणि ५६८.

हे दोन आकडे वेगळे ओळखता आले की कोणती दिशा बंद आहे तेही कळतं. ९३२ ला बाय आपल्याकडून गेला तर आपला रिफ्रेश तिकडे पोचत नाही किंवा त्याचं उत्तर परत येत नाही. १७६८ ला आपल्याकडून गेला तर रिफ्रेशर प्रोव्हायडरवाले आहेत आणि त्यांचा निरोप आपल्याला मिळत नाही. यात एक विचित्र प्रकार होतो, ते ९३२ ला बाय पाठवतात पण त्यांची आपल्याकडे यायची वाटच बंद असल्यामुळे तो बाय पण आपल्याला मिळत नाही. म्हणजे इकडे फोनवर कॉल चालू दिसतो, सेकंद पुढे सरकतायत, आणि कानात ठार शांतता. "आवाज अचानक जातो पण कॉल कट होत नाही" अशी तक्रार आली की आवाजाच्या मागे लागण्याआधी हे तपासा.

वाट बंद का होते? राउटरमध्ये आतून बाहेर पॅकेट गेलं की नॅटचं एक मॅपिंग (आतला पत्ता आणि बाहेरचा पत्ता यांची जोडी) तयार होतं आणि काही काळ वापर झाला नाही की ते पुसलं जातं. यूडीपीसाठी (पोच न घेता पॅकेट पाठवायची पद्धत) आरएफसी ४७८७ म्हणतो की किमान २ मिनिटं तरी ठेवा, ५ मिनिटं ठेवली तर बरं, पण ३० सेकंदातच पुसणारे राउटर भरपूर आहेत. कॉल जुळल्यावर आवाजाची पॅकेट साधारण दर २० मिलिसेकंदाला एक अशी जात असल्यामुळे आवाजाचं मॅपिंग जिवंत राहतं. एसआयपीच्या पोर्टवरून मात्र ९०० सेकंद चिटपाखरूही फिरत नाही. तिकडून री-इनव्हाइट येतो तेव्हा मॅपिंग केव्हाच गेलेलं असतं, राउटर पॅकेट टाकून देतो.

उपाय म्हणजे ती वाट वापरात ठेवायची. ट्रंकवर दर २५-३० सेकंदांनी ऑप्शन्स (नुसतं "आहात का" विचारणारा एसआयपी निरोप) पाठवायचं सेटिंग बहुतेक पीबीएक्समध्ये असतं, ते चालू करा, यालाच कीपअलाइव्ह म्हणतात. रजिस्ट्रेशन (पीबीएक्सने प्रोव्हायडरकडे लावलेली हजेरी) आहेच की, असं म्हणून सोडून देऊ नका, ते ३६०० सेकंदांनी रिन्यू होत असेल तर त्याचा इथे काही उपयोग नाही. टीसीपी किंवा टीएलएस वर ट्रंक असेल तरी सुटका नाही, बऱ्याच फायरवॉलवर रिकाम्या टीसीपी सेशनची मुदत एक तासाची असते, तिथे पण कीपअलाइव्ह लागतोच. काहीजण सेशन टायमर पूर्ण बंद करायला सांगतात. निदान करण्यासाठी तात्पुरता बंद करून बघायला हरकत नाही, कॉल टिकला तर दिशा बरोबर आहे एवढं कळतं, पण कायमचा बंद ठेवू नका, कारण मग एक बाजू खरंच मेली तर कॉल उघडाच राहतो, चॅनल अडकतं आणि मीटर चालू राहतो.

कीपअलाइव्ह चालू आहे आणि तरी ९३२ च येतोय? मग री-इनव्हाइटची साइज बघा. कोडेकची (आवाज डिजिटल करायच्या पद्धतींची) लांबलचक यादी, पाच-सहा जास्तीचे हेडर, असं करत निरोप १५०० बाइटच्या वर गेला की यूडीपीमध्ये त्याचे तुकडे होतात आणि काही फायरवॉल दुसरा तुकडा आत सोडतच नाहीत. आरएफसी ३२६१ याच कारणाने १३०० बाइटच्या वरचे निरोप टीसीपीवरून पाठवायला सांगतो. नको ते कोडेक काढून टाका, दोन-तीन पुरतात, किंवा रिफ्रेश अपडेटने होतोय का बघा, त्यात एसडीपी (निरोपातला कोडेकच्या यादीचा भाग) लागत नाही म्हणून तो लहान असतो.

म्यूट किंवा होल्डनंतर तुटतो

इथे सेकंद उचलल्यापासून जुळत नाहीत, म्हणूनच "काही नेम नाही" वाटतं. बऱ्याच पीबीएक्स आणि एसबीसी (दोन नेटवर्कच्या सीमेवरचं एसआयपी मशीन) मध्ये आरटीपी टाइमआउट असतो, इतके सेकंद आवाजाचं एकही पॅकेट आलं नाही की पलीकडचा गेला असं समजून कॉल बंद. आता फोनमध्ये सायलेन्स सप्रेशन (शांतता असताना पॅकेट न पाठवणं) चालू असेल आणि माणूस म्यूट करून लांबलचक कॉन्फरन्स ऐकत बसला तर त्याच्याकडून पॅकेट जाणंच थांबतं. मग मशीनला तो मेलेला वाटतो. सायलेन्स सप्रेशन बंद करा, होल्डसाठीचा टाइमआउट वेगळा असतो तो वाढवा, झालं.

उचलायच्या आधीच तुटतो

रिंग वाजत असतानाच ठराविक वेळाने बंद पडणं हा बिघाड नसतो. त्यासाठी मुद्दाम टायमर ठेवलेले असतात, क्यू.९३१ चा टी३०१ किमान ३ मिनिटांचा, एसएस७ च्या एक्सचेंजमधला टी९ दीड ते ३ मिनिटांचा, एसआयपी प्रॉक्सीचा टायमर सी ३ मिनिटांपेक्षा जास्त. नाहीतर न उचललेले कॉल सर्किट अडवून बसतील. ३० सेकंदातच रिंग बंद होत असेल तर तो बहुतेक तुमच्याच डायल प्लॅनमधला (पीबीएक्समधले कॉल कसे लावायचे त्याचे नियम) रिंग टाइम आहे.

पीआरआयवरचे सगळे कॉल एकदम पडतात

एक नाही, सगळे, एकाच सेकंदाला. सीडीआर मध्ये कट झाल्याच्या वेळा सारख्या दिसतील. म्हणजे टाइमस्लॉट १६ वरचं डी चॅनल, म्हणजे सिग्नलिंगचं चॅनल, गेलं. डी चॅनल गेलं तरी लगेच कॉल पडत नाहीत, टी३०९ सुरू होतो, ६ ते ९० सेकंदांच्या मधला, आणि तेवढ्यात लिंक परत आली तर चालू कॉल वाचतात. नाही आली तर सगळे बंद, पलीकडच्या पार्टीला कॉज २७, म्हणजे ते ठिकाण बंद पडलंय. म्हणून लॉगमध्ये कॉल पडलेल्या वेळेला नका बघू, त्याच्या दीड मिनिट मागे जाऊन बघा, डी चॅनल डाउन ची ओळ तिथे असते.

त्यासोबत दिवसभर टक-टक असा आवाज येत असेल, फॅक्स अर्धवट जात असतील, तर क्लॉक (लाइनवर बिट पाठवायचा ठोका) बघा. दोन टोकांच्या क्लॉकमध्ये दहा लाखात १ एवढा जरी फरक असला तरी दर १२५ सेकंदांनी एक फ्रेम घसरते, याला स्लिप म्हणतात, आणि फरक ५० पट असेल तर दर अडीच सेकंदांनी. बोलण्यात नुसती टिक ऐकू येते, फॅक्स आणि मोडेमला मात्र ते झेपत नाही. पीबीएक्सने क्लॉक नेटवर्ककडूनच घ्यायचा असतो, स्वतःचा चालवायचा नसतो. कार्ड बदललं किंवा सेटिंग रिसेट झालं की ही ओळ गुपचूप बदलते, आणि लोक महिनोन्महिने केबल तपासत बसतात.

ॲनालॉग लाइन गेटवेला लावलीये

इथे टॉक-ऑफ परत भेटतो. ॲनालॉग लाइनवर समोरच्याने फोन ठेवला हे सांगायला एक्सचेंज कधी करंट क्षणभर तोडतं, कधी लाइनची पोलॅरिटी (अधिक-उणे) उलटवतं, आणि कधी नुसता बिझी टोन देतं. गेटवे (ॲनालॉग लाइन पीबीएक्सला जोडणारं मशीन) बिझी टोन ऐकून कट करायच्या सेटिंगवर असेल तर माणसाच्या आवाजातूनही त्याला टोनचा भास होऊ शकतो. एखाद्या ठराविक व्यक्तीचेच कॉल तुटतात, बाकीच्यांचे नाही, अशी तक्रार खरी असते, उडवून लावू नका. टोनची फ्रीक्वेन्सी आणि चालू-बंदचा ताल तुमच्या एक्सचेंजप्रमाणे नेमका भरा (आयटीयूची शिफारस ४२५ हर्ट्झ, उत्तर अमेरिकेत ४८० आणि ६२० एकत्र) आणि किती वेळा टोन ऐकल्यावर कट करायचं तो आकडा ३ वर असेल तर ६-८ करा. त्याहून चांगलं म्हणजे एक्सचेंजकडून करंट तोडायची सोय मागून घ्या आणि टोनवरचं अवलंबन सोडा.

समोरच्याने उचलताक्षणीच कॉल तुटत असेल तर पोलॅरिटी बघा. काही एक्सचेंज उत्तर मिळालं हे कळवायलाच पोलॅरिटी उलटवतात, आणि गेटवेमध्ये ती खूण "ठेवला" अशी लावलेली असते.

प्रोव्हायडरला तिकीट टाकताना

बरोबर २, ३ किंवा ४ तासांना तुटणारे कॉल बहुतेक कमाल मर्यादेचे असतात, ते दुरुस्त होत नाहीत, मर्यादा वाढवून मागायची असते, तेही कॉन्फरन्स लाइनपुरतीच.

बाकी प्रकरणात बाय किंवा डिस्कनेक्ट तिकडून येतोय हे ट्रेसमध्ये दिसलं की मगच तिकीट टाका, आणि त्यात "कॉल ड्रॉप होतात, लवकर बघा" असं नका लिहू. एका ताज्या कॉलचा कॉल-आयडी, दोन्ही नंबर, सेकंदासकट वेळ आणि टाइमझोन, दिशा, उचलल्यापासून किती सेकंदांनी तुटला, बाय कोणत्या आयपीवरून आला, कॉज आणि लोकेशन काय, आणि फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूचा ट्रेस जोडलेला. तसाच एक न तुटलेला कॉल पण द्या, तिकडच्या माणसाला दोन्ही शेजारी ठेवून फरक दिसतो. प्रोव्हायडरकडचे लॉग बहुधा थोडेच दिवस राहतात, म्हणून कॉल जुना होऊ देऊ नका, तुटला त्याच दिवशी पाठवा.